लोखंड फोडणारे पाणी आणि जॉन टिंडल



भूगोलाच्या पुस्तकात विदारणाचा धडा असतो. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तेव्हा आमच्या पुस्तकात त्यालाच अपक्षय म्हणत.) खडकाच्या भेगेत पाणी शिरते, थंडीने गोठते, गोठताना फुगते आणि खडक फुटतो, एवढे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात. पण वर्गात मी जेव्हा विचारतो की कडाक्याच्या थंडीत स्वतः दगड फुगतो की आकसतो, तेव्हा निम्मे हात एका बाजूला वर होतात आणि निम्मे दुसऱ्या.

उत्तर असे की कोरडा दगड थंडीत आकसतो. एक मीटर लांबीचा ग्रॅनाइटचा तुकडा १० अंश सेल्सियसने थंड झाला तर सुमारे ०.०८ मिलिमीटरने लहान होतो. डोळ्यांना हे दिसायचे नाही, पण मोजता येते. फुगते ते त्याच्या पोटातले पाणी. बहुतेक पदार्थांप्रमाणे पाणीही थंड होताना आकसत जाते, पण फक्त ४ अंशांपर्यंत. त्याखाली ते पुन्हा पसरू लागते आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बाहेरचा दगड आकसतो आहे आणि आतले पाणी फुगते आहे, अशी ही ओढाताण आहे.

एकोणिसाव्या शतकात हा विषय ज्यांनी भर सभागृहात लोकांना, आणि विशेषतः मुलांना, समजावून दिला, त्या जॉन टिंडल यांचे चरित्र या अंकात देत आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना टिंडल परिणाम म्हणून त्यांचे नाव माहीत असते. धुळीच्या खोलीत शिरलेला उन्हाचा कवडसा आपल्याला दिसतो, तो त्याच परिणामामुळे. पण या माणसाने डोंगर चढून, बर्फ फोडून आणि लोखंडाच्या बाटल्या उडवून जे काम केले ते आपल्या पुस्तकांत फारसे येत नाही.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात लेलिनब्रिज या लहानशा गावी झाला. वडील पोलीस दलात साधे शिपाई. घरात पैसा नव्हता, पण वडिलांना वाचनाची आवड होती आणि मुलाने शिकावे ही इच्छा पक्की होती. जवळच्या बॅलिनाब्राना येथील शाळेत जॉन कॉनविल नावाचे शिक्षक होते. भूमिती आणि जमीन मोजणी यांत त्यांचा हातखंडा होता. त्यांच्याकडे टिंडल वयाच्या सतरा-अठराव्या वर्षापर्यंत शिकले. गावच्या मुलांनी तोवर काम धरलेले असे. हा मुलगा मात्र अजून शाळेतच, म्हणून लोक काय म्हणत असतील याची कल्पना करता येते. पुढे युरोपभर नाव झालेल्या या शास्त्रज्ञाचे पायाभूत गणित एका खेडेगावच्या शिक्षकाने पक्के केले होते, हे मला शिक्षक म्हणून नोंदवावेसे वाटते.

१८३९ मध्ये सरकारी भूमापन खात्यात त्यांना नोकरी लागली. १८४२ मध्ये खात्याने त्यांना इंग्लंडला पाठवले. तिथे पगार तुटपुंजा आणि आयरिश कर्मचाऱ्यांना वागणूक वाईट. टिंडल यांनी सहकाऱ्यांसह तक्रार केली आणि १८४३ मध्ये नोकरी गमावली. त्यानंतर इंग्लंडात रेल्वेची लाट आली. जिकडे तिकडे नवे मार्ग आखले जात होते, मोजणीदारांना मागणी होती आणि पैसाही बरा मिळत होता. तीन-चार वर्षे त्यांनी हे काम केले. डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांच्या भिंतींत खडकांचे थर कसे दिसतात हे त्या वर्षांत त्यांनी रोज पाहिले असणार.

१८४७ मध्ये ते हॅम्पशायरमधील क्वीनवुड कॉलेज या शाळेत गणित शिकवू लागले. मुलांना हाताने प्रयोग करू देणारी ही त्या काळातली वेगळी शाळा होती. रसायनशास्त्र शिकवणारे एडवर्ड फ्रँकलंड त्यांचे मित्र झाले. एकाने दुसऱ्याला रसायन शिकवायचे आणि दुसऱ्याने पहिल्याला गणित, असा त्यांचा क्रम होता. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, साठवलेली पुंजी घेऊन दोघेही जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात गेले. ज्यांच्या नावाचा बर्नर आपल्या प्रयोगशाळेत आहे ते बुन्सेन तिथे शिकवत होते. टिंडल वयाने इतर विद्यार्थ्यांपेक्षा बरेच मोठे होते आणि हातातले पैसे मोजके. त्यांनी दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवली. १८५२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक. मायकेल फॅरेडे यांच्या शेजारी त्यांना जागा मिळाली. भूमापन खात्याने काढून टाकल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

बर्फाकडे ते वळले ते एका दगडामुळे. तो दगड म्हणजे पाटीचा. आजच्या मुलांनी दगडी पाटी कदाचित आजोबांच्या घरीच पाहिली असेल. हा खडक पातळ, सपाट पापुद्र्यांत का फुटतो हा प्रश्न तेव्हा गाजत होता. १८५४ मध्ये टिंडल यांनी वेल्समधील पाटीच्या खाणी पाहिल्या. प्रचंड दाबाने कण चपटे आणि एका दिशेत होतात म्हणून खडक त्या दिशेने फुटतो, असे त्यांचे मत झाले. पुराव्यासाठी त्यांनी पांढरे मेण घेतले, यंत्रात जोराने दाबले, मग बर्फ-मिठाच्या मिश्रणात थंड करून हातोड्याने फोडले. मेण पाटीसारखे पापुद्र्यांत फुटले! १८५६ च्या जून महिन्यात त्यांनी यावर व्याख्यान दिले. श्रोत्यांत त्यांचे मित्र, प्राणिशास्त्रज्ञ थॉमस हक्सली होते. हिमनद्यांच्या बर्फातही असेच पट्टे दिसतात, ही गोष्ट हक्सली यांनी लक्षात आणून दिली आणि त्याच उन्हाळ्यात दोघे आल्प्स पर्वतात गेले. त्यानंतर टिंडल जवळजवळ दर उन्हाळ्यात आल्प्समध्ये जात राहिले.

हिमनदी इतक्या कडक बर्फाची असूनही नदीसारखी वळणे घेत खाली कशी सरकते, यावर टिंडल यांनी बरीच वर्षे घालवली. फॅरेडे यांनी १८५० मध्ये दाखवले होते की वितळू लागलेल्या बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटून एक होतात. त्यांचा तर्क असा होता की बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर कायम असतो. दोन तुकडे जुळले की तो थर मध्ये सापडतो आणि गोठतो. टिंडल यांनी हे हिमनदीला लावले. बर्फ चढ-उतारावर तडकतो आणि पुन्हा गोठून जुळतो, अशी नदी पुढे सरकते, असे त्यांनी मांडले. स्कॉटलंडचे जेम्स फोर्ब्ज यांचे म्हणणे वेगळे होते. बर्फ घट्ट काकवीसारखा हळूहळू वाहतो, असे ते मानत. या दोघांत आणि त्यांच्या मित्रांत कडवट वाद झाला व तो फोर्ब्ज यांच्या मृत्यूनंतरही संपला नाही. आज आपल्याला माहीत आहे की बर्फाचे स्फटिक दाबाखाली खरोखर आकार बदलतात, म्हणजे हिमनदीच्या बाबतीत फोर्ब्ज सत्याच्या अधिक जवळ होते. टिंडल वाद घालण्यात फार तिखट होते, हेही सांगायला हवे.

फॅरेडे यांचा तो पातळ थर मात्र लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता लोखंडी बाटलीकडे येऊ. १८६२ मध्ये टिंडल यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये उष्णतेवर व्याख्यानमाला दिली आणि १८६३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यात ते जाड लोखंडी बाटली घेत, ती पाण्याने काठोकाठ भरत, लोखंडी आट्याचे झाकण घट्ट बसवत आणि बाटली बर्फ-मिठाच्या मिश्रणात पुरून ठेवत. आपल्याकडे पॉट आइस्क्रीम करताना भांड्याभोवती जे भरतो तेच हे मिश्रण. व्याख्यान चालू राही, आणि थोड्या वेळाने भांड्यातून मोठा आवाज होई. बाटली फुटलेली असे. जागा न देता पाणी गोठवले तर उणे २२ अंशांपर्यंत पोचताना त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट होऊ शकतो. एवढ्या ताणापुढे कोणताही खडक टिकत नाही.

याच व्याख्यानांत त्यांनी दुसरी एक बाटली दाखवली. तिच्यात वितळलेला बिस्मथ धातू भरला होता. तो थिजला तेव्हा तीही तडकली. त्या काळी पुष्कळ लोक मानत की पाण्याचे हे वागणे सृष्टीत एकमेव आहे आणि तळ्यातले मासे हिवाळ्यात वाचावेत म्हणून ते मुद्दाम तसे योजलेले आहे. टिंडल यांना दाखवायचे होते की पाणी एकटे नाही, बिस्मथही तसाच वागतो, आणि त्यात तर मासे राहत नाहीत. अशा बोलण्यामुळे पुढे, विशेषतः १८७४ च्या बेलफास्टच्या भाषणानंतर, धर्मपीठांकडून त्यांच्यावर बरीच टीका झाली.

मुलांसाठी नाताळच्या सुटीत होणारी व्याख्याने ही रॉयल इन्स्टिट्यूशनची जुनी परंपरा आहे. फॅरेडे यांच्यानंतर टिंडल यांनी ती बारा वेळा दिली. १८७१ च्या अखेरीस सुरू झालेली माला बर्फ, पाणी, वाफ आणि हवा या विषयावर होती. तिच्यावरून तयार झालेले पुस्तक १८७२ मध्ये निघाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघत गेल्या. बोजड शब्द न वापरता, एका प्रश्नातून दुसरा प्रश्न काढत, वाचणाऱ्याला बरोबर घेऊन ते हिमनदीवर चढतात.

पण सगळे दगड सारखे फुटत नाहीत. हा मुद्दा पाठ्यपुस्तकात निसटतो, म्हणून थोडे थांबून सांगतो.

दगडाच्या आत किती जागा आहे आणि ती कशी आहे, यावर सगळे अवलंबून असते. ग्रॅनाइट किंवा आपल्या माळव्यातला घट्ट काळा दगड घ्या. त्यात छिद्रे एक-दोन टक्केही नसतात. त्यात पाणी शिरते ते मुख्यतः आधीच पडलेल्या चिरांतून, म्हणून तो फुटला तर मोठ्या कोनाकोनांच्या धोंड्यांत फुटतो. वालुकाश्मात छिद्रे पुष्कळ, पण ती बहुधा मोठी असतात. पाणी त्यातून निथळून जाते आणि उरलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळते. छिद्रांचा साधारण ९१ टक्के भाग पाण्याने भरलेला असला तरच ९ टक्क्यांची वाढ दगडाला ताण देते, हे साध्या हिशेबानेही कळते. खरा नाजूक तो बारीक छिद्रांचा मऊ चुनखडक. खडूच्या जातीच्या काही खडकांत तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त छिद्रेच असतात. ती इतकी बारीक की पाणी एकदा शिरले की निघत नाही. ओला असताना असा खडक गोठला तर मोजता येईल इतका फुगतो, आणि वितळल्यावर पूर्ण पहिल्यासारखा होत नाही. प्रत्येक वेळी थोडा सैल होत जातो.

संगमरवराची तऱ्हा आणखी निराळी. तो ज्या कॅल्साइटच्या कणांचा बनलेला आहे ते थंडीत एका दिशेने आकसतात आणि आडव्या दिशेने किंचित पसरतात. शेजारशेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्याने ते एकमेकांना ढकलत-ओढत राहतात. त्यामुळे पाण्याशिवायही, केवळ थंडी-उन्हाच्या फेऱ्यांनी, संगमरवर वर्षानुवर्षे आतून सैल होतो. म्हणजे दगड थंडीत फुगतो असे म्हणणाऱ्या निम्म्या हातांचेही, एका दगडाच्या एका दिशेपुरते, बरोबर निघाले!

इंग्लंडात कोलीवेस्टन नावाचे गाव आहे. तिथे छपरांसाठी चुनखडकाच्या फरशा काढत. खाणीतून काढलेले दगड हिवाळ्यात उघड्यावर मांडून त्यांवर पाणी शिंपडत राहायचे. रात्रीच्या थंडीने दगड थराथराने सुटत आणि मग हातोडीच्या हलक्या घावाने पातळ फरशा निघत. थंडी कमी पडली तर काम अडे, आणि दगडातली ओल पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकावी म्हणून ते झाकून ठेवावे लागत. एकदा सुकला की तो दगड तसा फुटत नसे. शास्त्र शिकलेले नसलेल्या त्या कारागिरांना ओल आणि थंडी दोन्ही लागतात हे पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे एखाद्या रात्री पाला पडून हरभरा जळतो, पण दगड फुटेल अशी थंडी नाही. आपले खडक झिजतात ते ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी. थंडीने फुटलेले डोंगर पाहायचे तर हिमालयात जावे लागते. टिंडल यांच्यासाठी ते आल्प्स होते.

टिंडल नुसते पाहणारे नव्हते, ते पट्टीचे गिर्यारोहक होते. १९ ऑगस्ट १८६१ रोजी, कुणीही न चढलेल्या वाइसहॉर्न शिखरावर (सुमारे ४५०० मीटर) ते बेनन आणि वेंगर या दोन वाटाड्यांसह पोचले. मग मॅटरहॉर्नचा ध्यास लागला. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचे हे ४४७८ मीटर उंचीचे टोकदार शिखर तेव्हा अजिंक्य मानले जात होते. १८६० मध्ये त्यांचा पहिला प्रयत्न फसला. १८६२ मध्ये ते इटलीच्या बाजूने शिखराच्या खांद्यापर्यंत गेले. तिथून माथा दिसत होता, पण मधली खाच ओलांडणे वाटाड्यांना धोक्याचे वाटले आणि ते परत फिरले. त्या खांद्याला आजही पिक टिंडल म्हणतात. १८६५ च्या जुलैत एडवर्ड व्हिम्पर यांच्या तुकडीने माथा गाठला, पण उतरताना चौघे दरीत कोसळून मरण पावले. बेनन त्याआधीच, १८६४ मध्ये, दुसऱ्या एका डोंगरावर हिमप्रपातात गेले होते. इतके होऊनही टिंडल यांनी २७ जुलै १८६८ रोजी माक्विन्याझ घराण्यातल्या दोन वाटाड्यांसह इटलीच्या बाजूने चढून, माथा ओलांडून, स्वित्झर्लंडच्या बाजूला हर्नली धारेने उतरून दाखवले. मॅटरहॉर्न असा ओलांडण्यात त्यांचा क्रमांक पहिल्यांत लागतो. त्यांचे वय तेव्हा ४७ होते.

दुरून अखंड, कोरीव वाटणारा मॅटरहॉर्न जवळून त्यांना अगदी जर्जर दिसला. वरचा भाग नाइस या पट्टेदार खडकाचा, आणि तो सगळा भेगाळलेला. पहाटे सारे शांत असते. ऊन चढले की धोंडे सुटून खाली येऊ लागतात. रात्री बर्फाने ढकललेला दगड त्याच बर्फाने धरूनही ठेवलेला असतो. सकाळी धरणारा बर्फ वितळतो आणि दगड निघतो. लंडनच्या टेबलावर जे काही मिनिटांत घडे तेच इथे रोज रात्री घडत होते आणि त्याला किती हजारो वर्षे झाली असतील याचा विचार ते त्या धारेवर उभे राहून करत. अत्यंत मजबूत वाटणाऱ्या पर्वताच्या या मोडतोडीने ते उदास झाल्याचे त्यांच्या १८७१ च्या आल्प्सविषयीच्या पुस्तकावरून कळते.

याच वर्षांत त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम चालू होते, आणि ते दगडाचे किंवा बर्फाचे नव्हते. १८५९ पासून त्यांनी नळीत निरनिराळे वायू भरून, न दिसणारी उष्णता त्यांतून किती पार जाते हे मोजले. ऑक्सिजन आणि नायट्रोजन उष्णतेला जवळजवळ अडवत नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात. पृथ्वीला रात्री गोठून जाण्यापासून हेच थोडके वायू वाचवतात, हे त्यांनी १८६१ मध्ये मांडले. अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी कार्बन डायऑक्साइड उन्हात अधिक तापतो हे १८५६ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. त्यांचे नाव दीडशे वर्षे विस्मरणात गेले आणि २०११ नंतर पुन्हा पुढे आले. टिंडल यांचे मापन मात्र बारकाईचे होते आणि नेमकी कोणती उष्णता अडते ते त्यांनीच सिद्ध केले.

पुढची वर्षे भराभर सांगतो. १८६७ मध्ये फॅरेडे गेले. पुढच्या वर्षी टिंडल यांनी त्यांच्या संशोधनावर पुस्तक लिहिले. हवेतले सूक्ष्म कण, आकाशाचा निळा रंग, जंतू आणि निर्जंतुकीकरण यांवर त्यांनी मोलाचे काम केले. १८७२-७३ मध्ये अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा झाला. खर्च जाऊन सुमारे १३ हजार डॉलर उरले ते त्यांनी तिथल्याच तरुणांच्या विज्ञान शिक्षणासाठी देऊन टाकले. कधी काळी पगारासाठी भांडून नोकरी गमावलेला हा माणूस पैशाच्या बाबतीत असा होता. १८७६ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी लुइसा हॅमिल्टन यांच्याशी विवाह केला. १८७७ मध्ये दोघांनी आल्प्समध्ये बेलआल्प येथे, हिमनदी दिसेल अशा जागी, घर बांधले.

१८८७ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी निवृत्ती घेतली. झोप न येण्याचा जुना त्रास होता, त्यासाठी क्लोरल नावाचे औषध ते घेत. पोटासाठी मॅग्नेशिया असे. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुइसा यांच्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली आणि मॅग्नेशियाऐवजी क्लोरलचा मोठा डोस दिला गेला. चूक दोघांच्याही लगेच लक्षात आली. डॉक्टर आले, सगळे उपाय झाले, पण त्याच दिवशी टिंडल गेले. लुइसा यांनी त्यानंतरची ४७ वर्षे पतीची पत्रे, रोजनिश्या आणि टिपणे गोळा करून लावण्यात घालवली. चरित्र स्वतःच लिहायचे हा त्यांचा हट्ट होता. ते पूर्ण झाले नाही. १९४० मध्ये त्या वारल्या आणि दुसऱ्यांनी लिहिलेले चरित्र १९४५ मध्ये निघाले.

खडक फुटण्याची गोष्ट मात्र टिंडल यांच्याबरोबर संपली नाही. लोखंडी बाटलीला झाकण असते. डोंगरातल्या भेगेला झाकण कुठे? पाणी गोठू लागले की बर्फ उघड्या बाजूने बाहेर सरकू शकतो, मग इतका दाब येतो कसा? १९३० मध्ये अमेरिकेतील स्टीफन टेबर यांनी फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याऐवजी त्यांनी बेंझीन हा द्रव मातीत भरला. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसते. तरीही थंड केल्यावर माती वर उचलली गेली! म्हणजे ९ टक्क्यांची वाढ हे एकच कारण नव्हते. गोठणारा भाग आसपासचा न गोठलेला द्रव आपल्याकडे खेचून घेत होता आणि वाढत होता.

खडकातही असेच होते, हे नंतरच्या संशोधनाने दाखवले. बर्फ आणि दगडाचे कण यांच्यामध्ये शून्याखाली काही अंशांपर्यंत पाण्याचा अतिशय पातळ थर न गोठता राहतो. त्या थरातून पाणी हळूहळू बर्फाकडे ओढले जाते, बर्फाची चकती जाड होत जाते आणि दगडाला पाचरीसारखी फाकवते. १८५० मध्ये फॅरेडे यांनी तर्काने सांगितलेल्या थराचाच हा भाऊबंद. टिंडल यांनी तो हिमनदीला लावला, पण भेगेतल्या बर्फाला लावायचे त्यांना सुचले नाही. १९८५ मध्ये वॉल्डर आणि हॅलेट यांनी गणिताने दाखवले की अशी फूट उणे ४ ते उणे १५ अंशांच्या दरम्यान, सावकाश आणि पाण्याचा पुरवठा चालू असताना, सर्वांत जोमाने होते. २००६ मध्ये मर्टन, पीटरसन आणि ओझूफ यांनी ओल्या चुनखडकाचे ठोकळे प्रयोगशाळेत दीर्घकाळ गोठवून त्यांत बर्फाने भरलेल्या भेगा वाढताना पाहिल्या.

आता मॅटरहॉर्नची अलीकडची हकीकत. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात भयंकर उष्णता होती. १५ जुलै रोजी हर्नली धारेवर, म्हणजे ज्या धारेने टिंडल १८६८ मध्ये उतरले होते त्याच धारेवर, हजारावर घनमीटर खडक निसटला. वर अडकलेल्या ऐंशीहून अधिक गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. खडक जिथून सुटला तिथे ओला, चकाकणारा बर्फ उघडा पडलेला दिसला. भेगा रुंदावणारा तो बर्फच फुटलेले तुकडे एकत्र धरून होता. टिंडल यांनी ज्या वायूंची उष्णता अडवण्याची शक्ती मोजली, त्यांतला कार्बन डायऑक्साइड हवेत तेव्हापासून सतत वाढला आहे आणि आल्प्समधला कायम गोठलेला खडक तापतो आहे.

या घटनेनंतर, २००८ पासून, स्विस शास्त्रज्ञांनी त्या धारेवर सुमारे ३५०० मीटर उंचीवर उपकरणे बसवली. खडकाचे तापमान आणि भेगांची रुंदी ती मोजत असतात. हिवाळ्यात खडक आकसतो म्हणून बहुतेक भेगा रुंदावतात, उन्हाळ्यात पुन्हा मिटतात. काही भेगा मात्र उन्हाळ्यात, आतला बर्फ मऊ पडल्यावर, थोड्या जास्त सरकतात आणि तेवढे अंतर पुढच्या वर्षीही भरून येत नाही.